भाडेकरू खोली सोडून गेला, भाडं थकलं : पगारातून वसुली होते का? घरमालक आणि कामगार, दोघांच्या कामाची माहिती

अंबड (नाशिक) : दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं द्यायचं ठरलेलं असतं. सुरुवातीचे महिने व्यवहार चोख चालतो. मग 'पगार उशिरा झाला', 'गावाला पैसे पाठवले' अशी कारणं सुरू होतात. तीन-चार महिने थकतात, फोन उचलणं बंद होतं आणि एक दिवस खोली रिकामी दिसते. लाइट बिल मात्र मालकाच्याच नावावर येतं. अंबड औद्योगिक वसाहतीच्या आसपास, चुंचाळे, दत्तनगर, कामटवाडे या भागांत खोल्या भाड्याने देणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. अनेक घरांचा महिन्याचा खर्च दोन-तीन खोल्यांच्या भाड्यावरच चालतो. त्यामुळे वीस-पंचवीस हजार बुडाले तरी घराचं गणित कोलमडतं.

अशा वेळी गल्लीत एक सल्ला हमखास मिळतो : 'तो कुठल्या कंपनीत आहे माहीत आहे ना? साहेबाला भेट, पगारातून कापून घे.' हा सल्ला अर्धाच खरा आहे. पगारातून वसुली करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती कोर्टाच्या हुकमाशिवाय होत नाही. आणि अंगमेहनतीच्या कामगाराची मजुरी तर कोर्टालाही जप्त करता येत नाही. हे आधी समजलं नाही, तर मालक कोर्टाचा खर्च करतो आणि हाती काहीच येत नाही.

(ही माहिती नाशिक महापालिका हद्दीतील अंबडसंदर्भात आहे, जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याविषयी नाही. पगार जप्तीचे नियम मात्र सगळीकडे सारखेच आहेत.)

थोडक्यात काय?

• पगार जप्तीसाठी आधी दावा, मग हुकूमनामा, मग दरखास्त अशा तीन पायऱ्या आहेत.
• पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही.
• मजूर आणि घरकामगार यांची मजुरी पूर्ण सुरक्षित आहे. कुशल कामगारही 'मजूर' या शब्दात येतो.
• एका हुकूमनाम्यासाठी पगार जास्तीत जास्त २४ महिने जप्त राहू शकतो.
• थकलेल्या भाड्यासाठी तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

पगार जप्ती म्हणजे नक्की काय?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ या कायद्यात हुकूमनाम्याच्या वसुलीचे नियम आहेत. कोणती मालमत्ता जप्त होते आणि कोणती होत नाही, हे कलम ६० मध्ये दिलं आहे. पगार कसा जप्त करायचा, हे आदेश २१ मधील नियम ४८ आणि ४८-अ मध्ये आहे. नियम ४८ सरकारी, रेल्वे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. खासगी नोकरीसाठी ४८-अ लागू होतो. हा नियम १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यात आला.

कोर्ट कर्मचाऱ्याच्या हातून पैसे काढून घेत नाही. पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याला ते हुकूम पाठवतं. 'अमक्याच्या पगारातून दरमहा इतकी रक्कम रोखा आणि कोर्टात भरा' असा तो हुकूम असतो. हुकूम पोचल्यावर कंपनीला तो टाळता येत नाही. तरीही कंपनीने पूर्ण पगार कर्मचाऱ्याच्या हाती दिला, तर तेवढ्या रकमेची जबाबदारी मालकावर, म्हणजे कंपनीवर येते.

याची दुसरी बाजूही आहे. कोर्टाचा हुकूम नसताना घरमालकाच्या अर्जावर किंवा फोनवर कंपनी पगार कापू शकत नाही. वेतनाच्या कायद्यात कोणत्या कारणासाठी कपात करता येते याची ठरलेली यादी आहे. त्यात 'कोर्टाच्या हुकमाने' केलेली कपात आहे, 'घरमालकाच्या तक्रारीवरून' केलेली नाही. म्हणून एचआर विभागाने हात वर केले, तर ते मालकाची अडवणूक करत नाहीत, कायदाच पाळतात.

सगळ्यात आधी बघा : भाडेकरू कामाला काय होता?

वकिलाकडे जाण्याआधी या प्रश्नाचं उत्तर काढावं. वसुली होणार की नाही, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

१. मजूर, हेल्पर, ऑपरेटर, वेल्डर, फिटर : कलम ६० नुसार मजुरांची आणि घरकाम करणाऱ्यांची मजुरी जप्त होत नाही. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे सगळेच मजूर यात येतात, असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे. बोनसही मजुरीतच धरला जातो. त्यामुळे मशीनवर हाताने काम करणारा माणूस महिन्याला वीस हजार मिळवत असला, तरी तो 'मजूर' ठरला तर त्याच्या मजुरीला धक्का लागत नाही. कार्डावर पद काय छापलंय यापेक्षा तो प्रत्यक्षात कोणतं काम करतो, हे कोर्ट बघतं.

२. सुपरवायझर, क्लार्क, अकाउंटंट, इंजिनिअर, खासगी शाळेतले शिक्षक : यांचं उत्पन्न 'पगार' या सदरात येतं. ठरलेल्या मर्यादेत ते जप्त होतं.

३. सरकारी, रेल्वे, जिल्हा परिषद, महापालिका कर्मचारी : यांचाही पगार त्याच मर्यादेत जप्त होतो. यांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली, तरी नाशिकचं कोर्ट थेट हुकूम पाठवू शकतं.

४. लष्करातील जवान : देवळाली जवळ असल्याने हा प्रश्न नाशिककरांना पडतो. लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या कायद्याखाली येणाऱ्यांचे वेतन-भत्ते दिवाणी हुकूमनाम्यात जप्त होत नाहीत.

५. पेन्शनर : सरकारी पेन्शन जप्त होत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसेही सुरक्षित असतात. 'नोकरी सोडताना पीएफ निघेल, तो धरू' हा विचार सोडून द्यावा.

ठेकेदाराकडच्या लोकांबाबत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. माणूस एका कंपनीच्या गेटमधून आत जातो, पण त्याचा पगार ठेकेदार काढतो. कोर्टाचा हुकूम पगार वाटणाऱ्याच्या नावानेच निघायला हवा. चुकीच्या नावाने गेलेला हुकूम 'हा आमचा कर्मचारी नाही' या शेऱ्यासह परत येतो आणि काही महिने वाया जातात.

महिन्याला किती कापता येतं?

हिशोब सोपा आहे. एकूण पगारातून १,००० रुपये बाजूला काढा. जे उरलं त्याचे तीन भाग करा. दोन भाग कर्मचाऱ्याचे, एक भाग जप्तीत.

• पगार १६,००० रुपये : १,००० वजा, उरले १५,०००. जप्त होणारी रक्कम ५,०००.
• पगार २५,००० रुपये : १,००० वजा, उरले २४,०००. जप्त होणारी रक्कम ८,०००.
• पगार ३१,००० रुपये : १,००० वजा, उरले ३०,०००. जप्त होणारी रक्कम १०,०००.

ही झाली कमाल मर्यादा. कोर्ट यापेक्षा कमी हप्ताही ठरवू शकतं. सरकारने जप्तीतून वगळलेले सरकारी कर्मचाऱ्यांचे काही भत्ते या हिशोबात धरले जात नाहीत.

आता एक उदाहरण. समजा, महिन्याला ६,००० रुपये भाडं होतं आणि पाच महिने थकले, म्हणजे ३०,००० रुपये. लाइट बिल २,०००. डिपॉझिट १०,००० मालकाकडे आहे. ते वजा केल्यावर येणं राहिलं २२,०००. भाडेकरू २५,००० पगाराचा सुपरवायझर असेल, तर दरमहा ८,००० प्रमाणे तीन महिन्यांत मुद्दल फिटू शकते. पण हे तीन महिने हुकूम निघाल्यानंतरचे आहेत. तिथपर्यंत पोचायला लागणारा वेळ वेगळा.

रक्कम मोठी असेल तर २४ महिन्यांची अट आड येते. एकाच हुकूमनाम्यासाठी सलग किंवा तुटक मिळून २४ महिने पगार जप्त राहिला, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. बाकी राहिलेली रक्कम मग दुसऱ्या मार्गाने वसूल करावी लागते. आधीच दुसऱ्या कुणाची जप्ती पगारावर चालू असेल आणि कापण्याजोगा भाग त्यातच जात असेल, तर नव्या हुकमाला थांबावं लागतं. पगार वाटणारा अधिकारी तसं लिहून हुकूम कोर्टाकडे परत पाठवतो.

'भाडं थकलं तर माझा पूर्ण पगार कापावा' असं भाडेकरूने करारात लिहून दिलं असेल तर? त्याचा उपयोग नाही. कलम ६० मधलं संरक्षण सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल ठरतो, असं कायद्यातच लिहिलं आहे.

हुकूमनाम्यापर्यंतचा रस्ता

पहिलं काम कागद जमवण्याचं. भाडेकरार, भाड्याच्या पावत्या, फोनपे-गुगलपेच्या नोंदी, बँक पासबुक, लाइट बिल, भाडेकरूचं आधार कार्ड, त्याच्या गावचा पत्ता आणि कंपनीच्या ओळखपत्राचा फोटो एका ठिकाणी ठेवावा. 'पुढच्या महिन्यात देतो' असे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नयेत. मोबाइलवरचा पुरावा कोर्टात देताना त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करून घेतात.

दुसरं काम नोटिशीचं. वकिलामार्फत स्पीड पोस्टने, पोचपावतीसह नोटीस पाठवावी. ती भाडेकरूच्या गावच्या पत्त्यावर आणि सध्याच्या पत्त्यावर अशी दोन्हीकडे जावी. कोणत्या महिन्याचं किती भाडं, डिपॉझिटमधून किती वळतं केलं, बाकी किती आणि किती दिवसांत द्यायची, हे त्यात स्पष्ट असावं. कंपनीचं नाव आणि कोर्टाच्या तारखा दिसल्या की काही भाडेकरू इथेच तडजोडीला येतात.

तिसरं काम दाव्याचं. भाड्याचा दावा जिथे खोली आहे त्या भागाच्या दिवाणी कोर्टात चालतो. भाडेकरू बीडला गेला किंवा बिहारला, तरी अंबडच्या खोलीचा दावा नाशिकलाच लागतो. दाव्याच्या रकमेप्रमाणे कोर्ट फी भरावी लागते.

यात मुदत फार महत्त्वाची. प्रत्येक महिन्याचं भाडं ज्या दिवशी देय झालं, त्या दिवसापासून तीन वर्षं मोजली जातात. म्हणजे ५ मार्च २०२४ ला द्यायच्या भाड्यासाठी ५ मार्च २०२७ पर्यंतच दावा लावता येतो. मुदत संपण्याआधी भाडेकरूने बाकी मान्य असल्याचं सही करून लिहून दिलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. 'बघू, आज ना उद्या देईल' म्हणत तीन वर्षं काढणाऱ्याचा हक्क असा नकळत बुडतो.

समन्स लागूनही भाडेकरू हजर झाला नाही, तर कोर्ट एकतर्फी निकाल देऊ शकतं. निकाल मालकाच्या बाजूने लागला, की रकमेचा हुकूमनामा तयार होतो. हुकूमनाम्यानंतरच्या काळासाठी कोर्ट साधारणपणे वर्षाला ६ टक्क्यांपर्यंत व्याज देऊ शकतं.

दरखास्त : निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही

खरी दमछाक इथे होते. निकालाची प्रत घरी आली तरी कंपनीला आपोआप काही कळत नाही. त्यासाठी मालकाला त्याच कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो. कोर्टाच्या भाषेत त्याला दरखास्त म्हणतात. त्यात बाकी रक्कम, भाडेकरूचं पद, पगार, नोकरीचं ठिकाण आणि पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याचा पत्ता द्यावा लागतो.

खासगी कंपनीबाबत एक अट आहे. पगार वाटणारा अधिकारी हुकूम देणाऱ्या कोर्टाच्या हद्दीत असला पाहिजे. भाडेकरू अंबडमधल्याच दुसऱ्या कंपनीत लागला तर अडचण येत नाही. तो चाकण किंवा वाळूजला गेला असेल, तर हुकूमनामा तिकडच्या कोर्टात वर्ग करून घ्यावा लागतो. त्याने नोकरी बदलली, तर जुन्या कंपनीला दिलेला हुकूम निरुपयोगी ठरतो आणि नव्या कंपनीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.

दरखास्तीसाठी १२ वर्षांची मुदत आहे. पण हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेली असतील, तर आधी भाडेकरूला नोटीस काढावी लागते. म्हणून हुकूमनामा कपाटात ठेवून देऊ नये.

वेळ किती लागतो? दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ च्या निकालात सांगितलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांकडून प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवली. त्यातून देशभरात आठ लाखांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचं समोर आलं आणि त्यात सर्वाधिक मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतल्या होत्या. सहा महिन्यांचा नियम मालकाच्या बाजूचा आहे, पण रांग मोठी आहे, हे धरूनच निर्णय घ्यावा.

केस कुठवर आली ते बघायला दरवेळी कोर्टात खेटे घालायची गरज नाही. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी ॲप मोबाइलवर घेऊन त्यात केसचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला, की पुढची तारीख आणि झालेले हुकूम दिसतात.

कमी खर्चाची वाट : लोकअदालत

वीस-तीस हजारांच्या बाकीसाठी दाव्याआधी लोकअदालतीचा विचार नक्की करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार दावा दाखल करण्यापूर्वीही वाद लोकअदालतीत नेता येतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते. यासाठी कोर्ट फी लागत नाही.

दोघांचं जमलं, तर हप्ते ठरवून तडजोड लिहिली जाते. या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचाच दर्जा असतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणजे भाडेकरूने दरमहा २,००० द्यायचं कबूल केलं आणि पुढे चुकवलं, तर मालकाला नव्याने दावा लावावा लागत नाही. तो थेट दरखास्त करू शकतो. मजुराच्या मजुरीला असलेलं संरक्षण मात्र इथेही कायम राहतं. तडजोड झाली नाही तर कोर्टाचा रस्ता मोकळाच असतो.

वकिलाची फी परवडत नसेल, तर मोफत वकील मिळण्याची सोय याच कायद्यात आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी विधवा बाई मालक म्हणून ही मदत मागू शकते, तसा दावा लागलेला कामगारही मागू शकतो. मोफत विधी सेवेचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

पगार हाती लागत नसेल तर?

पगाराशिवाय दुसरे मार्गही आहेत. भाडेकरूकडे काय काय मालमत्ता आहे, याचं प्रतिज्ञापत्र त्याच्याकडून मागावं, असा अर्ज कोर्टात करता येतो. हुकूम असूनही त्याने ते दिलं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. त्याच्या नावावरची मोटारसायकल किंवा बँकेतली मुदत ठेव जप्त होऊ शकते.

गावाकडे जमीन असेल तर तीही जप्तीत येऊ शकते. पण शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं आणि शेतीसाठी लागणारे बैल यांना कलम ६० ने संरक्षण दिलं आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारंही जप्त होत नाहीत.

'त्याला आत टाका' असंही रागाने म्हटलं जातं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी कैद होऊ शकते, पण महिलेला होत नाही. आणि केवळ गरिबीमुळे पैसे देता येत नसतील, तर त्या कारणासाठी माणसाला कैदेत टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे. ऐपत असून मुद्दाम टाळाटाळ केल्याचं दाखवावं लागतं.

मालकाने हे करू नये

भाडेकरू अजून राहत असताना भाड्यासाठी पाणी किंवा लाइट तोडणं हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार गुन्हा आहे. सामान अडवून ठेवणं, कुलूपावर कुलूप लावणं, कंपनीच्या गेटवर चार लोक नेऊन दमदाटी करणं, यातून पैसे तर मिळत नाहीतच, उलट पोलिसात तक्रार मालकाच्याच नावाने होते. पोलीसही थकलेलं भाडं वसूल करून देत नाहीत, कारण तो दिवाणी वाद आहे.

भाडेकरूवर दावा लागला तर

कोर्टाचा कागद आला तर तो घ्यावा. परत पाठवला म्हणून दावा थांबत नाही. एकतर्फी निकाल झाला असेल, तर तो रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स नीट लागलंच नसेल, तर निकाल कळल्यापासून ३० दिवस मोजतात. डिपॉझिट वळतं केलं नसेल किंवा दिलेलं भाडं हिशोबात धरलं नसेल, तर पावत्या दाखवून ते सांगावं.

खरोखर बाकी असेल तर हप्ते मागता येतात. हुकूमनाम्यानंतर कोर्टाबाहेर रोख पैसे दिले, तर ३० दिवसांत त्याची नोंद कोर्टात करून घ्यावी. नोंद नसलेले पैसे वसुली करणारं कोर्ट धरत नाही आणि तीच रक्कम पुन्हा द्यायची वेळ येऊ शकते. मजुराच्या मजुरीवर चुकून जप्ती आली असेल, तर कलम ६० चा आधार घेऊन ती उठवण्याचा अर्ज लगेच करावा.

खोली देण्याआधीच करायची पाच कामं

पगार जप्तीला इतक्या मर्यादा आहेत, तेव्हा मालकाचं खरं संरक्षण खोलीची चावी देण्याआधीच होतं.

१. करार लेखी आणि नोंदणीकृत करावा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात आणि त्या खोट्या आहेत हे मालकाला सिद्ध करावं लागतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी आता ऑनलाइनही होते. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळं.

२. डिपॉझिट किमान दोन-तीन महिन्यांचं घ्यावं आणि भाडं तेवढ्या महिन्यांपेक्षा जास्त थकू देऊ नये. कामगाराची मजुरी जप्त होत नसल्याने अंबडसारख्या भागात डिपॉझिट हीच मालकाची खरी हमी असते.

३. भाडं शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने घ्यावं. रोख घेतलं तर पावती द्यावी. पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि न दिल्यास दंड आहे.

४. गावचा पत्ता, आधार, कंपनीचं ओळखपत्र, पगार कंपनी देते की ठेकेदार, ही माहिती पहिल्याच दिवशी घ्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्यावी. शक्य असेल तर नाशिकमध्येच राहणाऱ्या एका जामीनदाराची सही करारावर घ्यावी.

५. लाइटच्या मीटरचा फोटो खोली देताना आणि दर महिन्याला काढून ठेवावा.

पहिला महिना थकला तेव्हाच बोलणं करावं, दुसऱ्या महिन्यात बाकीचा आकडा लिहून त्यावर सही घ्यावी आणि डिपॉझिट संपायच्या आत निर्णय घ्यावा. भाडेकरू मजूर असेल तर लोकअदालतीत हप्ते ठरवून घेतलेले बरे. पगारदार असेल आणि बाकी मोठी असेल, तर दावा आणि पगार जप्तीचा खर्च करण्यात अर्थ आहे. कोणत्याही परिस्थितीत कागद घेऊन आधी विधी सेवा प्राधिकरणात एक फेरी मारावी. तिथला सल्ला मोफत असतो.